कात्रीचे पंचांग

बागांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा लागवडीवर खिळलेली असते. कोणते झाड कोणी, कोणत्या साली, कोणत्या मुलखातून आणविले आणि त्याच्या मुळाशी पहिली माती कोणत्या राजपुत्राने लोटली, याची नोंद दप्तरात राहते, कित्येकदा शिळेवरही कोरली जाते. परंतु तेच झाड पुढे पन्नास-शंभर वर्षे कोणी छाटले, कोणत्या महिन्यात छाटले आणि छाटताना हात कोठे आखडता घेतला, याची दखल घेण्याचा शिरस्ता ना संस्थानी दप्तरांत फारसा आढळतो, ना साहेबाच्या कचेरीत. वस्तुतः जुन्या बागेत आपण जे पाहतो ते लावणाऱ्याच्या हातून जितके घडलेले असते तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, कापणाऱ्याच्या हातून घडलेले असते. बंगळूरच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे. कारण या शहराने गेल्या अडीचशे वर्षांत निरनिराळ्या धन्यांच्या अमलाखाली बागा केल्या, आणि प्रत्येक धन्याने झाडांबरोबर कात्री चालविण्याचे आपापले पंचांगही आणले. ती पंचांगे एकामागून एक तेथील पावसाशी कशी ताडून पाहिली गेली, हाच या लेखाचा विषय.

हा विषय मंद वाढणाऱ्या झाडांच्या संगतीनेच समजून घ्यावा लागतो. टिपू सुलतानाने म्हैसूरच्या मुलखात रेशमाचा उद्योग रुजविला आणि त्याबरोबर तुतीची लागवड वाढली. ही तुती जमिनीलगत कापली तरी पाणी मिळाल्यास दोन-अडीच महिन्यांत पुन्हा पाल्याने भरून जाते, आणि मागची छाटणी चुकली होती की साधली होती हे पुढच्या पाल्याखाली कोणाच्या ध्यानातही राहत नाही. क्रोटन, ड्रासिना, कुंती, सायकस यांसारख्या सावकाश चालणाऱ्या झाडांचे तसे नाही. अवेळी चाललेल्या कात्रीचा व्रण त्यांच्या अंगावर दोन-तीन वर्षे उघडा राहतो, आणि सायकससारख्याचा शेंडाच कापला गेला तर तो कधी भरून येईल याची शाश्वती नसते. म्हणून माळ्याच्या ज्ञानाची परीक्षा गुलाबाच्या ताटव्यात होत नाही. ती पोर्चच्या पायऱ्यांवर मांडलेल्या क्रोटनच्या कुंडीत होते.

या क्रोटनची कुळकथा थोडी सांगणे अवश्य आहे. त्याचे मूळ स्थान मोलुक्का बेटे आणि त्यांच्या आसपासचा प्रशांत महासागरापर्यंत पसरलेला द्वीपसमूह. सतराव्या शतकात अंबोईना बेटावर डच कंपनीच्या चाकरीत असलेल्या रुम्फियसने त्याचे वर्णन लिहिले. दृष्टी गेल्यावरही या गृहस्थाने लेखन सोडले नाही, आणि त्याचा महाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १७४१ पासून, छापून निघू लागला. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाची गणना जमालगोट्याच्या वंशात केली. पुढील शास्त्रज्ञांनी त्याला तेथून काढून कोडियम हा निराळा वंश दिला, पण जगातल्या माळ्यांनी तो निवाडा अद्याप मान्य केलेला नाही. १८६० नंतर व्हीच यांच्या प्रख्यात रोपवाटिकेने दक्षिण समुद्रातील बेटांवरून या झाडाचे नवनवे प्रकार इंग्लंडात नेले आणि रुंद, अरुंद, पीळदार, ठिपकेदार अशा पानांचे वेड तेथील श्रीमंत समाजात पसरले. ही रंगीत पानांची आवड साम्राज्याबरोबर पुन्हा उष्ण कटिबंधात आली. जे झाड अंबोईनातील लोकांच्या अंगणात आणि कुंपणात मुळापासूनच होते, ते हिंदुस्थानातील बंगल्यांत विलायतेच्या प्रतिष्ठेसह शिरले. व्यापाराच्या इतिहासात असे उलटे प्रवास अनेक आहेत, परंतु इतका रंगीत बहुधा दुसरा नसेल.

क्रोटन येण्याच्या कितीतरी आधी बंगळूरच्या बागेत कात्री होती, आणि ती सरूवर चालत होती. हैदर अलीने १७६० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस, केंपेगौडाचा बुरूज ज्या प्राचीन खडकावर उभा आहे त्याच्या पायथ्याशी, सुमारे ४० एकरांची बाग घातली; तीच आजची लालबाग. शिरे येथील मोगल सुभेदारांची बाग त्याच्या नजरेसमोर होती असे मानतात. टिपूने तिच्यात देशोदेशींची झाडे आणविली. टिपूच्या पाडावानंतर अवघ्या एका वर्षाने, १८०० साली, फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनीचा वैद्य व निसर्गज्ञ वेलस्लीच्या हुकमाने म्हैसूरच्या मुलखाची पाहणी करीत बंगळुरास आला. त्याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात या बागांचे जे वर्णन आहे ते फार उपयोगाचे आहे. चौकोनी वाफे, त्यांच्यामधून सरळ रस्ते, रस्त्यांच्या दुतर्फा सरू, आणि एका वाफ्यात एकच जात, म्हणजे गुलाबांचा वाफा निराळा, डाळिंबांचा निराळा, अशी ती रचना होती. मशागतीत ढिलाई आली आहे, पूर्वी बाग चांगली राखली जात असे असे लोक सांगतात, आणि पाण्याची टंचाई हा तिचा मुख्य दोष आहे, हेही तो नमूद करतो. पाण्याची ही टंचाई वाचकाने लक्षात ठेवावी. पुढल्या शंभर वर्षांत कात्रीच्या वेळेचा तंटा तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

सरूची छाटणी हे मोठे जबाबदारीचे काम आहे. त्याच्या जुन्या, पाने झडलेल्या लाकडातून नवी फूट येत नाही. कात्री हिरव्या कवचाच्या आत शिरली की ती बाजू कायमची उघडी पडते. म्हणून सरूचा माळी दरवर्षी थोडे, वरवरचे आणि न चुकता कापतो. एक-दोन वर्षे ढिलाई झाली आणि मग एकदम जोर करून आकार परत आणू म्हटले तर ते साधत नाही. चौकोन, रेषा आणि नियमितपणा यांवर उभ्या असलेल्या बागेला असेच झाड शोभते, कारण त्याच्यापाशी चुकीला क्षमा नाही. श्रीरंगपट्टणच्या सुलतानी बागेतील सरूंच्या नशिबी मात्र माळ्याची कात्री न येता फौजेची कुऱ्हाड आली. १७९२ च्या वेढ्यात कॉर्नवालिसच्या सैन्याने मोर्चे बांधण्यासाठी ते तोडले.

कंपनीच्या अमलातील पहिल्या अर्ध्या शतकात बंगळूरची बाग या हातातून त्या हातात फिरत राहिली. मेजर वॉ या लष्करी खजिनदाराने ती सांभाळली आणि १८१९ मध्ये सरकारच्या हवाली केली. मग काही वर्षे ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या देखरेखीखाली होती. १८३६ मध्ये कॅप्टन मन्रो यांच्या पुढाकाराने एक कृषी-उद्यान मंडळ निघाले आणि ते काही वर्षांतच, १८४२ साली, मोडले. १८५६ साली ती सरकारी उद्यान झाली आणि १८५८ मध्ये विलायतेतील क्यू येथील उद्यानात तयार झालेला विल्यम न्यू तिच्यावर अधिपती म्हणून आला. त्याच्यामागून १८७४ मध्ये जॉन कॅमेरन आला, तोही क्यूचाच, आणि १९०८ पर्यंत म्हणजे चौतीस वर्षे टिकला. लालबागेचा विस्तार कॅमेरनने केला, चौचौ नावाची जी भाजी आज कर्नाटकात घरोघर शिजते ती बंगळुरात रुजविण्याचे श्रेयही त्यालाच देतात, आणि त्याच्याच कारकिर्दीत, ३० नोव्हेंबर १८८९ रोजी, राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टरच्या हस्ते काचघराचा पाया घातला गेला. ग्लासगोच्या मॅकफार्लेन कारखान्यातील ओतीव लोखंड आणि त्यावर काच, असे हे भवन आहे. क्यूमध्ये काचघर बांधतात ते क्रोटनसारखी उष्णदेशीय झाडे थंडीने मरू नयेत म्हणून. बंगळुरात क्रोटन उघड्यावर सुखाने नांदत होता, आणि काचघर बांधले गेले ते प्रदर्शनांसाठी. एखाद्या वास्तूचा मूळ हेतू समुद्रातच गळून पडावा आणि रिकामा डौल तेवढा बंदरावर उतरावा, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. अर्थात तो डौल सुंदर आहे हे कबूल केलेच पाहिजे.

हीच गत पुस्तकांची होती. क्यूत शिकलेल्या माणसाच्या अंगवळणी जे पंचांग पडलेले असते त्यात काचेखालील झाडांची छाटणी हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, कारण तेव्हा तिकडे दिवस मोठा होऊ लागतो आणि झाड जागे होते. बंगालमधील पाद्री फर्मिंजर यांचे बागकामाचे पुस्तक १८६० च्या दशकात निघाले आणि देशभर चालले. त्याचे महिने बंगालच्या ओलसर हवेला अनुसरून होते. आमच्या पुण्यास गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे अधिपती जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागाइतीवर लिहिलेले पुस्तक त्या मानाने दख्खनला जवळचे. परंतु दख्खनचा पाऊस मृगाबरोबर येतो आणि हस्तापर्यंत संपतो, त्याचा एकच मोठा पट आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर, दोन पावसांच्या मध्ये बसलेले आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी पडतात, ज्यांना तिकडे मँगो शॉवर म्हणतात. जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस बेताबेताने येत राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याला उधाण येते, आणि लगोलग ईशान्येचा पाऊस सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाची सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर, म्हणजे फार नव्हे. पण ती वर्षभर अशी विखुरलेली की तिला कोणाचेही तयार पंचांग लागू पडत नाही.

फेब्रुवारीत कात्री चालविली तर क्यूच्या नियमाप्रमाणे झाड लवकर फुटते खरे, परंतु फुटलेल्या कोवळ्या पालवीला मार्च-एप्रिलचे कोरडे ऊन लागते आणि ती कडेने करपते. कुंडीतल्या झाडाला रोज झारीने पाणी घालून हा धोका टाळता येतो. जमिनीतल्या झाडाला, आणि तेही ज्या बागेचा पाण्याचा दुष्काळ बुकॅननने नोंदवून ठेवला आहे तेथे, टाळता येत नाही. उलट नोव्हेंबरात पाऊस ओसरताना छाटावे तर पुढे डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री येतात. पारा पंधरा अंशांच्या आसपास आला की क्रोटनची वाढ जवळजवळ थांबते, कापलेले खोड महिनोन्‌महिने तसेच बोडके उभे राहते, आणि त्यात ओल मुरली तर वरून सडू लागते. मधला सप्टेंबर दिसायला सोयीचा, पण तेव्हाचा मुसळधार पाऊस ताज्या जखमेला चांगला नव्हे. सगळे वजा करता उरतो तो वळीव आणि मृग यांमधला काळ, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंतचा महिना-दीड महिना. जमीन भिजलेली असते, रात्री उबदार असतात, ऊन ढगांनी मऊ झालेले असते आणि पुढे वाढीला पाच महिने मोकळे मिळतात. कर्नाटकातील शेतकरीही पावसाची मोजदाद आपल्याप्रमाणेच रोहिणी, मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांवर करतो. त्यामुळे हा निर्णय इंग्रजी महिन्यांत सांगायला जितका कठीण, तितकाच नक्षत्रांत सांगायला सोपा.

ज्यांना तो सांगावा लागत नव्हता अशी माणसे बंगळुरात होतीच. तिगळ हा तेथील परंपरेने माळीकाम करणारा समाज. हैदर अलीने बाग घातली तेव्हा त्याने तमिळ मुलखातून माळी आणले अशी कथा त्यांच्यासंबंधी सांगतात. शहराच्या जुन्या पेठेतील धर्मराय मंदिराचा करग हा यांचा उत्सव, चैत्र पौर्णिमेला रात्रभर चालणारा, आणि द्रौपदीच्या उपासनेचा. हा करग आटोपतो तेव्हा वळवाचे दिवस सुरू झालेले असतात. अधिपती क्यूहून आला, हुकूम इंग्रजीत सुटला, पण कात्री धरणारा हात बहुतांशी येथलाच होता. आणि धन्याचे पंचांग व मातीचे पंचांग यांतला फरक कोणी भरून काढला असेल तर तो या हातांनीच, असे माझे मत आहे.

१९०८ मध्ये कॅमेरनच्या जागी जो आला त्याचा आपल्याशी अधिक निकटचा संबंध आहे. गुस्ताफ हेर्मान क्रुम्बिगेल हा ड्रेस्डेनजवळील लोमेन गावचा जर्मन. १८६५ चा जन्म. क्यूमध्ये काम करून तो १८९३ साली हिंदुस्थानात आला तो बंगळुरास नव्हे, तर बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या चाकरीत, संस्थानच्या वनस्पती उद्यानांचा अधिकारी म्हणून. पंधरा वर्षे त्याने बडोद्याच्या चाकरीत काढली, म्हणजे ज्या संस्थानाचा कारभार मराठी राज्यकर्त्यांच्या हाती होता तेथे. बडोद्याचे ऊन बंगळूरच्या मानाने निर्दय आणि पाऊस एकाच हंगामाचा. तेथे उमेदवारी केलेल्या माणसाला क्यूचे कोष्टक जसेच्या तसे चालत नाही हे नव्याने शिकावे लागले नसणार. पुढे चौथ्या कृष्णराज वडियार महाराजांनी त्याला म्हैसूर संस्थानात नेले आणि त्याने बंगळूरचे रूप पालटले. रस्त्यांच्या कडेने अशी झाडे लावावी की एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू व्हावा आणि वर्षाचा एकही महिना फुलांवाचून जाऊ नये, ही त्याची कल्पना आजही शहरभर दिसते. या कल्पनेत वेळेचे जे बारीक भान आहे तेच चांगल्या छाटणीतही लागते. झाडाचे वर्ष कॅलेंडरच्या वर्षाशी जुळत नाही, हे ज्याला कळले त्यालाच असा बहरांचा क्रम मांडता येतो. १९३२ मध्ये तो निवृत्त झाला आणि लालबागेची सूत्रे एच. सी. जवराय यांच्याकडे आली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात एम. एच. मरीगौडांनी ती बाग सर्व राज्याच्या फलोद्यानाचे केंद्र केली. क्रुम्बिगेल १९५६ पर्यंत बंगळुरातच राहिला आणि तेथेच वारला.

आता प्रत्यक्ष कात्री कशी चालते ते जवळून पाहू. मल्लेश्वरम् किंवा बसवनगुडीत अजून एखादा जुना बंगला टिकून असेल तर त्याच्या फाटकाशी पुरुषभर उंचीचा क्रोटन हमखास आढळतो. खाली बोटाएवढ्या जाडीच्या सहा-सात उघड्या फांद्या आणि वर तेवढा पानांचा झुबका, असा तो खराट्यासारखा उभा असतो. अननुभवी माणूस सगळ्या फांद्या एकाच उंचीवर कापतो आणि झाडाला मोठे संकट आणतो. कारण मुळांना पोसणारे अन्न पानांतच तयार होते, आणि पाने एकदम गेली की मुळेही मागे हटतात. जाणता माळी पहिल्या वर्षी सर्वांत उंच अशा दोन फांद्या निवडतो. फांदीवर गळलेल्या पानांच्या खुणा कड्यांसारख्या दिसतात. प्रत्येक खुणेच्या वरच्या बगलेत एक डोळा निजलेला असतो. झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा हेरून, त्याच्या पाव इंच वर, पाणी निथळून जाईल असा तिरपा काप तो धारदार सिकेटरने एका झटक्यात घेतो; बोथट पात्याने साल चेचली जाते आणि ती जखम भरत नाही. फांदी जाड असेल तर बारीक दातांची करवत. कापताच पांढरा चीक टपकू लागतो. तो डोळ्यात गेल्यास आग होते, काहींच्या हाताला पुरळ उठते आणि कपड्यावर पडला तर तपकिरी डाग कायम राहतो. म्हणून हात झाकून काम करणे आणि नंतर पाण्याने धुणे हा रिवाज. चीक आटून काप कोरडा झाला की त्यावर बोर्डो पेस्ट लावतात. मग माळी काहीच करत नाही, आणि ही सर्वांत अवघड पायरी आहे: पाने कमी झाली म्हणजे झाड पाणीही कमी पिते, तेव्हा पाण्याचा मारा करायचा नाही, आणि नवी फूट दिसेपर्यंत खताचा कणही घालायचा नाही. तीन-चार आठवड्यांत कापाखालचे डोळे फुगतात आणि जेथे एक शेंडा होता तेथे दोन-तीन फुटवे निघतात. पुढल्या मृगात आणखी दोन फांद्या, त्याच्या पुढल्या मृगात उरलेल्या. तीन पावसाळ्यांत झाड खालपासून भरते आणि एकही दिवस बोडके दिसत नाही.

शेंडा कापला की बगल का फुटते, याचा उलगडा वनस्पतिशास्त्राने १९३० च्या दशकात केला. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे द्रव्य खाली उतरत राहते आणि बगलेतील डोळ्यांना दाबून ठेवते; शेंडा गेला की हा दाब उठतो. माळ्यांना कारण ठाऊक नव्हते, परिणाम ठाऊक होता, आणि कोवळ्या रोपाचा शेंडा नखाने खुडून ते तो साधत आले होते. जेथे शेंड्यावाचून दुसरा डोळाच भरवशाचा नाही तेथे हात लावायचा नाही हेही त्यांना ठाऊक होते. ताड-माड जातीची झाडे यात येतात. लालबागेतील सायकसची वाळलेली पाने तेवढी काढावी, गाभ्याला स्पर्श करू नये. आणि अरौकेरिया, ज्याला लोक ख्रिसमसचे झाड म्हणून ओळखतात, त्याचा शेंडा मारला तर त्याचा मजल्यामजल्यांचा डौल पुन्हा येत नाही. ड्रासिनाचे याच्या अगदी उलट. त्याचा दांडा कोठेही कापा, खालून फुटतो आणि कापलेले तुकडेही मातीत रुजतात. रंगीत पानांच्या झाडाला एक आणखी पथ्य आहे. कधी कधी त्याच्यावर एखादी निव्वळ हिरवी फांदी उमटते. हिरवेपणा अधिक म्हणजे अन्न अधिक, म्हणून ती बाकीच्यांपेक्षा जोमाने वाढते आणि दोन वर्षांत सगळे झाड हिरवे करून टाकते. तिला नक्षत्र-मुहूर्त काही नाही. दिसली की मुळापासून काढावी.

मल्लेश्वरम् हे नाव वर आले. बंगळूरशी मराठ्यांचा जो जुना ऋणानुबंध आहे त्याची एक खूण तेथे आहे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने, जीत शहाजीराजे होते, हे ठाणे जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेऊन तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारास देऊन टाकले. या दोन सालांच्या मध्ये, १६६९ मध्ये, एकोजीराजांनी काडू मल्लेश्वराच्या देवस्थानास एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे, आणि याच देवस्थानावरून सव्वादोनशे वर्षांनी नव्या वसाहतीला नाव मिळाले. १८९८ च्या प्लेगने जुनी पेठ हादरली आणि मल्लेश्वरम्, बसवनगुडी या मोकळ्या वसाहती भराभर वाढल्या. १८०९ पासून लष्करी छावणीतील साहेबांच्या बंगल्यांत जी बागेची रीत होती, ती आता कारकून, वकील, प्राध्यापक यांच्या घरांपुढे आली: तुळशीवृंदावन मागे, फाटकाशी क्रोटन. या घरांना पगारी माळी परवडत नसे, म्हणून कात्री गृहस्थाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या हाती गेली, आणि छाटणीचा टाकाऊ भाग टाकाऊ राहिला नाही. जी फांदी पुढच्या महिन्यात कापायची, तिच्यावर आधीच सालीचे इंचभर कडे काढायचे, ओले शेवाळ गुंडाळून घट्ट बांधायचे, पाच-सहा आठवड्यांत त्यात मुळे दिसली की त्याखाली कापायचे. झाड छाटले गेले आणि कुंडीत लावायला तयार रोपही हाती आले. हीच आपली गुटी कलम. बीपासून वाढविलेला क्रोटन आईच्या रंगावर जाईलच असा भरवसा नसतो. म्हणून एका घरातील पानांचा विशिष्ट पिवळा-तांबडा रंग दुसऱ्या घरी गेला तो अशा गुटीच्या वाटेनेच.

छाटणीचे पंचांग जागेप्रमाणे कसे बदलते याचे उदाहरण मराठी वाचकाला पानांपेक्षा द्राक्षांत अधिक पटेल. आमच्या नाशिककडचा बागाइतदार वेल वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, परंतु पीक एकदाच घेतो; बंगळूरच्या आसपास बेंगलोर ब्ल्यू नावाच्या काळ्या द्राक्षाला त्याच दोन छाटण्या दोन पिके देतात. वेल तोच, कात्री तीच. फरक हवेचा आणि जातीचा. बुकॅननने १८०० सालीच या हवेत द्राक्षवेल आणि सरू जोमाने वाढतात हे टिपून ठेवले होते.

गेल्या तीन-चार दशकांत बंगळूरच्या बागेला नवा धनी मिळाला, तो म्हणजे कंपन्यांचे आवार आणि गृहसंकुल. येथे माळी ठेक्यावर येतो, ठेका महिन्याचा असतो, आणि कामाचा पुरावा म्हणून दर महिन्यास काहीतरी कापलेले दिसावे लागते. असे सतत कापून घेणारे, सोनेरी पानांचे ड्युरांटा त्याला सोयीचे. ते वर्षाचे बारा महिने फुटते आणि विजेच्या कात्रीखाली सपाट भिंतीसारखे राहते. क्रोटनची रुंद पाने त्याच यंत्राखाली अर्धी-अर्धी चिरली जातात आणि चिरलेल्या कडा तपकिरी होऊन महिनाभर तशाच लोंबतात. ज्या आवारात दोन्ही झाडे एकाच रांगेत लावली आहेत तेथे हा भेद रस्त्यावरूनही दिसतो. ठेकेदाराला दोष द्यावा असे मला वाटत नाही. जे झाड वर्षातून एकदाच हात मागते त्याच्यासाठी बाराही महिन्यांची मजुरी मांडणारा करारनामाच मुळात विपरीत आहे.

लालबागेतील पुष्पप्रदर्शनाचे पंचांगही झाडाचे नव्हे, धन्याचेच. म्हैसूरच्या उद्यानमंडळाने १९१२ पासून रुजविलेली ही प्रथा आज स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिन या दोन तारखांना बांधलेली आहे, आणि काचघरात दोन्ही वेळा पानशोभेच्या कुंड्या लागतात. क्रोटनचे कोवळे पान बहुधा हिरवट-पिवळे निघते. त्यावर तांबडा, नारिंगी रंग चढायला वय आणि ऊन दोन्ही लागतात. मेअखेर छाटलेली कुंडी ऑगस्टात भरगच्च दिसते पण कच्ची. तीच ईशान्येचा पाऊस संपल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात ठेवली की जानेवारीत पुऱ्या रंगात येते. म्हणून ज्याला दोन्ही प्रदर्शने साधायची असतात तो कुंड्यांचे दोन भाग करतो. जानेवारीच्या कुंड्या नुकत्याच सरलेल्या वळवात कापलेल्या. ऑगस्टच्या कुंड्या आदल्या वर्षीच्या मृगात कापलेल्या आणि त्यानंतर कात्री न लागलेल्या.